उलार

गाडी ‘उलार’ झाली असें म्हटलें म्हणजे खेड्यांत वाढलेल्या मनुष्यास आणखी कांहीं सांगावें लागत नाहीं. ओझें आंसाच्या मागें अधिक पडलें, धुरा वर उचलली गेली, जूं मानेवरून सुटूं लागलें आणि जुपण्यांनीं बैलांचे गळे आवळले, हें सारें चित्र त्या एका शब्दांत त्याला दिसतें. उलट ओझें पुढें सरकलें तर तें सगळें बैलांच्या मानेवर येतें, खांदे सोलवटतात आणि दोन दिवसांनीं जनावर जुंपूं देत नाहीं. म्हणून वऱ्हाडांतला शेतकरी बंडी भरून झाली कीं बैल जुंपण्यापूर्वीं धुरा हातानें उचलून पाही. ती फार हलकी लागली तर एक पोतें पुढें, फार जड लागली तर एक पोतें मागें. या गोष्टीला त्यानें कधीं शास्त्र म्हटलें नाहीं. पण बापानें मुलाला आणि मुलानें नातवाला शिकवावें इतकी ती पक्की होती, आणि तिच्यांत चूक झाली तर शिक्षा कोणा लांबच्या परक्याला होत नसे. ती घरच्याच बैलाला होई.

अमेरिकेंत पिकअप गाडीच्या मागें घोड्यांची पेटी, होडी किंवा चाकांवरचें घर जोडून शेंकडों मैल नेण्याचा प्रघात फार आहे. तेथील मोटारवाल्यांसाठीं लिहिलेल्या पुस्तिकांत याच धुरेचें शास्त्र आंकड्यांनीं मांडलेलें असतें. मागें ओढावयाच्या गाडीचें वजन शंभर किलो धरलें तर त्यांतले दहा ते पंधरा किलो पिकअपच्या हुकावर आले पाहिजेत. त्याहून कमी आले तर वेग वाढतांच मागची गाडी शेपटासारखी हलूं लागते, आणि अखेर तें शेपूटच पुढच्या गाडीला फिरवून टाकतें. त्याहून जास्त आले तर पिकअपची पाठ बसते, पुढचीं चाकें हलकीं होतात, आणि चालकानें स्टिअरिंग वळविलें तरी गाडी मनासारखी वळत नाहीं. धुरा उचलून पाहणाऱ्या म्हाताऱ्याला हा मजकूर वाचून दाखविला असता तर तो हंसून म्हणाला असता कीं, हें सांगायला पुस्तक कशाला पाहिजे?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत पिकअपच्या मागें होडी कोणी जोडीत नाहीं. ओढून न्यायची ती ट्रॉली, आणि ती ट्रॅक्टरच्या मागें. पिकअप आपलें ओझें पाठीवरच वाहते. परंतु ती किती वाहते हें ज्याला पाहावयाचें असेल त्यानें हंगामाच्या दिवसांत पहांटे खामगांवच्या किंवा मलकापूरच्या रस्त्याला उभें राहावें. सोयाबीन, तूर, कापूस, मिरची, सिमेंटचीं पोतीं, लोखंडी पत्रे, लग्नाचा मंडप, मळणीचें यंत्र, आणि कधीं कधीं या सर्वांच्या वर बसलेलीं माणसें! बुलढाणें हें अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेलें गांव. तेथून मोताळ्यामार्गें मलकापूरकडे जावयाचें तर राजूरचा घाट उतरावा लागतो. चढतांना इंजिन धापा टाकतें हें सर्वांस ऐकूं येतें; पण उतरतांना ब्रेक किती धापा टाकतात हें कोणास ऐकूं येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत खामगांवचा कापूस मुख्य रेल्वेपर्यंत जावा म्हणून जलंबपासून वेगळा फांटा घालावा लागला होता. तो कापूस खामगांवापर्यंत आणणाऱ्या बंड्यांची जागा पुढें मोटारलारीनें घेतली आणि आतां लहान पिकअपनें घेतली आहे. २००५ सालीं ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी लहान मालमोटार बाजारांत आल्यापासून तर हा धंदा घरोघर पोहोंचला. ज्याच्या वांट्याला दोन एकर कोरडवाहू जमीन आली, नोकरी मिळाली नाहीं, त्या तरुणाला कर्जावर घेतलेली पिकअप म्हणजे स्वतंत्र बाण्यानें जगण्याचें साधन झालें. या गाड्यांविषयीं लिहितांना त्यांच्या चालकांस दांडगे किंवा बेपर्वा म्हणून मोकळें होणें फार सोपें आहे. तें आम्हांस करावयाचें नाहीं, कारण त्यांतला एक आमच्या घरांतलाच आहे.

आमचा हा भाचा चिखलीस असतो. त्यानें अशीच एक पिकअप कर्जानें घेतली. कंपनीनें तिची वाहण्याची शक्ति दीड टनाची ठरविलेली. म्हणजे पन्नास किलोंचीं सिमेंटचीं पोतीं तीस. परंतु ज्या व्यापाऱ्याचें सिमेंट तो वाही त्याचें म्हणणें पन्नास पोत्यांची खेप. भाडें खेपेमागें, पोत्यामागें नव्हे. तीस पोत्यांच्या दोन खेपा केल्या तर दुसऱ्या खेपेचें डिझेल भाच्याच्या पदरचें. आणि पन्नास पोतीं एका दमांत नेणारे दुसरे चौघे त्याच चौकांत उभे. दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेचा हप्ता. हा हिशेब पेन्सिल घेऊन आम्हीं त्याच्याबरोबर तीनदां मांडला आणि तीनही वेळां उत्तर तेंच आलें.

त्या सुमारास आम्ही चिखलीस गेलों असतां तो आम्हांला एका गॅरेजांत घेऊन गेला. गाडी जॅकवर चढवलेली होती. मागच्या आंसावर लोखंडाच्या लांब, किंचित् वांकविलेल्या पट्ट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. सर्वांत लांब वर, तिच्याखालीं थोडी आंखूड, तिच्याखालीं आणखी आंखूड. यांना तिकडे पाटे म्हणतात. खड्डा आला कीं हे पाटे वांकतात, एकमेकांवर घांसतात, धक्क्याचा जोर त्या घांसण्यांत थोडाफार जिरवितात आणि पुन्हां पूर्ववत् होतात. किती वजनाला किती वांकावें हें ठरवूनच ते घडविलेले असतात. आमच्या भाच्याला त्यांत दोन पाटे वाढवावयाचे होते.

“मामा, कंपनीच्या पाट्यांवर या भागांत कोणाचाच धंदा चालत नाहीं,” तो म्हणाला. “सगळ्यांनींच पाटे चढविले आहेत.”

मिस्त्री वयस्क होता. हात पुसत तो म्हणाला, “भाऊ, गाडी मागून बसली म्हणजे गिऱ्हाईकही घाबरतं अन् पोलिसही पाहतो. दोन पाटे टाकले कीं गाडी सरळ उभी राहते. मग कोणाला काय दिसतं?”

हें वाक्य आमच्या डोक्यांतून जाईना. मग कोणाला काय दिसतं! मिस्त्री लबाड नव्हता. जें मागितलें जातें तें तो प्रामाणिकपणें करून देत होता. परंतु पाटे वाढविल्यानें गाडीची शक्ति वाढत नाहीं, केवळ तिचें वांकणें बंद होतें, हें तो जाणत होता आणि आमचा भाचाही जाणत होता. आंस तोच, टायर तेच, चाकांच्या आंतले ब्रेक तेच. जें वाढलें तें ओझें, आणि जें नाहींसें झालें तें त्या ओझ्याचें चिन्ह.

याहून सूक्ष्म गोष्ट त्याच गाडीखालीं होती. पुष्कळशा लहान मालमोटारींत मागच्या आंसाजवळ एक व्हॉल्व्ह बसविलेला असतो. त्याला एक दांडी असते. तिचें एक टोंक गाडीच्या सांगाड्याकडे, दुसरें आंसाकडे. गाडी रिकामी असली कीं सांगाडा वर असतो, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जाणारा दाब कमी करतो. नाहींतर हलकी पाठ असलेल्या गाडीचीं मागचीं चाकें जाम होऊन ती रस्त्यावर भोंवऱ्यासारखी फिरेल. गाडी भरली कीं सांगाडा खालीं येतो, दांडी हलते, आणि मागच्या चाकांस पुरता दाब मिळतो. म्हणजे धुरा उचलून पाहणारा शेतकऱ्याचा हातच तेथें लोखंडाचा करून बसविला आहे! आतां यांत दोन पाटे वाढवा. अडीच टन भरले तरी गाडी ताठ उभी. व्हॉल्व्हला वाटतें, गाडी रिकामीच आहे. आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. जेव्हां सर्वांत अधिक ब्रेक हवा तेव्हां तो सर्वांत कमी मिळतो, आणि तोही राजूरच्या घाटासारख्या उतारावर. यंत्र खोटें बोललें नाहीं; यंत्रालाच खोटें सांगितलें गेलें.

ज्या काळांत आपण प्रवेश करीत आहों त्या काळाचा सारा प्रश्न आम्हांला त्या एका दांडीत सांठविलेला दिसतो. मोटारींत सुरक्षेचीं यंत्रें सक्तीनें बसविण्याचे कायदे आतां जगभर होत आहेत. युरोपांत जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला वेगमर्यादेची आठवण देणारें आणि चालकाला झांपड आल्याची सूचना देणारें यंत्र असलेंच पाहिजे. अमेरिकेंत २०२४ च्या एप्रिलमध्यें झालेल्या नियमाप्रमाणें सप्टेंबर २०२९ पर्यंत सर्व नव्या मोटारींस व पिकअपांस आपोआप ब्रेक लावणारी योजना बसवावयाची आहे. आपल्याकडेही ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशीं ८० किलोमीटरांपलीकडे जाऊं न देणारें यंत्र सक्तीचें झालें. जुलै २०१९ पासून मोटारींत पट्टा न बांधल्यास आणि वेग ८० च्या वर गेल्यास घंटी वाजूं लागली. आणि मार्च २०२५ मध्यें केंद्रीय रस्ते मंत्रालयानें मोठ्या बसगाड्या व मालमोटारी यांस उद्देशून एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यांत आपोआप ब्रेक लावणें, पट्टा सोडून गाडी भरकटल्यास इशारा देणें आणि चालकाच्या डोळ्यांवरील झोंप ओळखणें या तीनही योजना आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालमोटारींत चालकाची खोली थंड ठेवणेंही बंधनकारक झालें. हा शेवटचा नियम अनेकांस चैनीचा वाटला. आम्हांस तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वैशाखांतल्या दुपारीं मलकापूर-नांदुऱ्याच्या रस्त्यावर लोखंडी खोलींत इंजिनाशेजारीं आठ तास बसून पाहिल्यावांचून त्यावर कोणी विनोद करूं नये.

या यंत्रांची थट्टा करणें हा आमचा हेतु नाहीं. आमच्या जिल्ह्यानें त्यांची गरज फार महाग किंमत देऊन पाहिली आहे. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सगळा मार्ग पुरा झाला. रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत. अशा रस्त्यावर रात्रीं तासन् तास एकाच वेगानें जातांना डोळे उघडे राहतात आणि मन झोंपी जातें. १ जुलै २०२३ रोजीं मध्यरात्र उलटल्यावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यांत पिंपळखुट्याजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी जागच्या जागीं गेले. जिजाऊंच्या जन्मगांवाचा तालुका त्या सकाळीं सर्व देशांत वेगळ्याच कारणानें वाचला गेला. त्यापूर्वीं, २० ऑगस्ट २०२१ रोजीं, हाच मार्ग बांधला जात असतां त्याच तालुक्यांत लोखंड आणि मजूर यांना एकाच वेळीं वाहून नेणारा टिप्पर उलटला आणि १३ मजूर दगावले. पहिल्या घटनेनंतर महिनोन् महिने चर्चा झाली. दुसरी चार दिवसांत विसरली गेली. परंतु पाटे, ओझें आणि माणूस यांचा संबंध ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्यानें दुसरीच अधिक लक्षांत ठेवावी. २०२२ या एका वर्षांत देशांतील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. एखाद्या यंत्रानें त्यांतला शंभरावा हिस्सा जरी वांचविला तरी त्या यंत्राला हात जोडावे असेंच आम्ही म्हणूं.

तथापि यंत्राला फसविण्याची विद्या यंत्राबरोबरच जन्मास येते. पट्ट्याची घंटी वाजूं नये म्हणून पट्टा न बांधतां नुसतें त्याचें टोंक खांचेंत अडकविण्याच्या क्लिप्स आपल्याकडे उघड विकल्या जात होत्या. २०२३ च्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पांच ऑनलाइन व्यापारी कंपन्यांना आज्ञा काढून ती विक्री बंद करावी लागली. वेग रोखणाऱ्या यंत्राची तार कोठें सोडावी हें ज्याला ठाऊक नाहीं असा गॅरेजवाला विरळा. आणि पुढें पुढें जेव्हां कांचेमागचा कॅमेरा व बंपरमधील रडार पिकअपलाही लागतील, तेव्हां वाढीव पाटे त्यांनाही फसवितील. कारण गाडी किती उंचीवर, कोणत्या कलानें उभी आहे हें गृहीत धरूनच त्यांची नजर बसविलेली असते. कल बदलला कीं जवळची गाडी दूर आणि दूरची जवळ दिसूं शकते. आजही रात्रीं समोरून येणाऱ्या अतिभारित गाडीचे दिवे आपल्या डोळ्यांत भाल्यासारखे घुसतात, तें तिची पाठ बसून तोंड वर झाल्यामुळेंच. म्हणजे बसलेली गाडी समोरच्याला आंधळा करते, आणि पाटे चढवून सरळ केलेली गाडी स्वतःच्याच ब्रेकला.

माणूस जीव वांचविणाऱ्या यंत्राला कां फसवितो? तो मूर्ख आहे म्हणून, असें उत्तर शिकलेले लोक देतात. आमचा भाचा मूर्ख नाहीं. त्याला व्हॉल्व्हचें कार्य आमच्यापेक्षां आधीं ठाऊक होतें. परंतु यंत्र सांगतें एक आणि हप्ता सांगतो दुसरें, आणि यंत्राला थकबाकीची नोटीस पाठवितां येत नाहीं. चालकाचे डोळे मिटूं लागले तर नवें यंत्र घंटी वाजवून म्हणेल, थांब, विश्रांति घे. कोठें घ्यावी? आणि त्या तासाचें भाडें कोण देणार? मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा, जो २०२५ पर्यंत चालू होता, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम नको असें म्हणत असे. हा कायदा आमच्या बहुतेक वाचकांहून वयानें मोठा होता. पण स्वतःच मालक व स्वतःच चालक असलेल्या तरुणाला तो कोणाविरुद्ध मागावा हें कळत नसे. अतिभारासाठीं २०१९ च्या दुरुस्तीनें २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये ठरविले. दंड भरावयाचा गाडीवाल्यानें. पन्नास पोत्यांचा आग्रह धरणारा व्यापारी दुकानांत बसून असतो, आणि स्वस्तांत घरपोंच सिमेंट मिळालें म्हणून समाधान मानणारा घरमालक त्याहून दूर. पूर्वीं ओझें भरणारा, धुरा उचलून पाहणारा आणि बैलाची घुसमट पाहून हळहळणारा एकच मनुष्य होता. आतां भरणारा एक, वाहणारा दुसरा, लाभ घेणारा तिसरा, आणि मरणारा बहुधा चौथा. गाडी नव्हे, हा सगळा व्यवहारच उलार झाला आहे.

त्या दिवशीं गॅरेजांत आम्हीं भाच्याला उपदेश केला नाहीं; उपदेशानें हप्ता फिटत नाहीं. आम्हीं त्याला एवढेंच विचारलें कीं, घाटांत तुझ्या पुढें एस. टी. असली आणि तींत तुझी आई असली तर तूं पन्नास पोतीं भरशील काय? तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग मिस्त्रीला म्हणाला, “जुने पाटे झिजले असतील तर तेवढेच बदला. नवे वाढवूं नका.” मिस्त्रीनें खांदे उडविले आणि कामाला लागला. त्या व्यापाऱ्याचें काम महिन्याभरांत सुटलें. आतां भाचा दुधाचे कॅन, बेकरीचा माल, शाळेचीं बांकें असें हलकें सामान वाहतो. कमाई घटली आहे. बँकेकडे विनंती करून त्यानें कर्जाची मुदत वाढवून घेतली, म्हणजे व्याजही वाढलें. आमची बहीण म्हणते, “पोरगा रात्रीं घरीं येतो, यापेक्षां मला काय पाहिजे?” पण घर चालविणारी सून गप्प असते, आणि तिच्या त्या गप्प राहण्याला उत्तर आमच्याजवळ नाहीं. चांगलें वागण्याची किंमत एकट्यानें मोजावी लागली म्हणजे तें चांगुलपण फार दिवस टिकत नाहीं, हें आम्ही जाणतों.

म्हणून नवीं यंत्रें येवोत. आम्हीं त्यांचें स्वागतच करावें. परंतु ओझें ठरतें तें स्टिअरिंगवर नव्हे, बाजारांत. आणि बाजारांत तर एक यंत्र फार दिवसांपासून उभें आहे, ज्याला कोणी फसवीत नाहीं, कारण त्यावर सर्वांचे पैसे अवलंबून आहेत. तो म्हणजे मोठ्या बाजारपेठांच्या दाराशीं असलेला वजनकांटा. भरलेली गाडी त्यावर चढते, रिकामी होऊन पुन्हां चढते, वजाबाकी होते आणि मालाचे पैसे मिळतात. त्या चिठ्ठीवर भरल्या गाडीचें वजन किलोकिलोनें लिहिलेलें असतें, आणि त्या गाडीची कायदेशीर शक्ति तिच्या नोंदणीच्या पुस्तकांत. दोन कागद एकमेकांशेजारीं ठेवले तर कॅमेरा नको, रडार नको. कोणाची गाडी उलार आहे हें पांचवीच्या मुलालाही सांगतां येईल. आणि त्या चिठ्ठीवर माल भरणाऱ्याचें नांवही असतें. आज ती चिठ्ठी पैसे मोजून झाल्यावर खिशांत जाते, आणि सायंकाळीं चुलींत.